तीन बोटं पाणी

आमच्या घरात सकाळ व्हायची ती बाबूजींच्या खोकल्यानं. आधी खोकला, मग कोपऱ्यात टेकवलेली काठी उचलल्याचा आवाज, मग चुलीपाशी बसलेल्या मायची कुरकुर, "चालले तलावाले. चा प्याची बी सवड नाई या मानसाले." बाबूजी गावचे पाणकर होते. पाणकर म्हणजे तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कधी आणि किती जाईल हे ठरवणारा माणूस. आम्ही कोहळी. तलाव बांधणं आणि राखणं आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, आणि त्याचा आम्हाला माज म्हणावा इतका अभिमान. बाबूजींना सही करायला दोन मिनिटं लागायची, पण पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभं राहून नुसत्या आवाजावरून ते सांगायचे की खाली पाटाला कुठंतरी खेकड्यानं भोक पाडलंय. सगळ्यांचेच बाप असं ऐकू शकतात, असं मला वाटायचं.

हे माझ्या आठवणींच्या या वहीत याआधी कुठंही आलेलं नाही. शाळेचं लिहिलं, मायच्या हातच्या धपाट्यांचं लिहिलं, पहिल्या नोकरीत गळक्या वर्गात छत्री धरून पाढे म्हणवून घेतले तेही लिहिलं. तलावाशी आले की पेन अडायचं. कारण साधं आहे. माझा बाबूजींवर राग होता. अडुसष्ट वर्षांची, निवृत्त झालेली, गावभर 'बाई' म्हणून मान घेणारी बाई मेलेल्या बापावर रुसून बसली आहे हे काही बरं दिसत नाही, म्हणून मी तो भाग गाळून पुढं जात होते. हा राग सुटला तो सातासमुद्रापार वेल्समध्ये, एका म्युझियममधल्या पाटात, गुडघाभर गार पाण्यात उभं असताना. पण आधी घरचं सांगते, मग तिकडं जाऊ.

मला भाऊ नव्हता. त्यामुळं बाबूजींच्या मागं काठी घेऊन फिरायला मीच. शाळेतून आले की पाटी फेकायची आणि पाळीवर. दुपारचं जेवण मायनं तिकडंच पाठवलेलं असे: लाखोरीची डाळ, भात, पावसाळ्यात कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांची वडी, आणि सुक्या झिंग्यांची चटणी, जिचा वास डबा उघडायच्या आधीच पोचायचा. बाबूजी जेवता जेवता शिकवायचे. पहिला नियम चपलेचा. "पयले चप्पल काढ. पान्याशी चप्पल घालून बोलू नाई." दुसरा नियम मापाचा. पाळीखालून पाट निघतो तिथं दगडी चौकटीत एक फळी बसवलेली होती, तिला आम्ही तुडूम म्हणतो. ती फळी किती उचलायची हे बोटांत मोजायचं, बोटं आडवी धरून. एक बोट, दोन बोटं, तीन बोटं. पाच बोटं उचलली की गावात भांडणं. तिसरा नियम गळतीचा. पाट गळायला लागला तर नुसता चिखल थापून उपयोग नाही. मुळासकट गवताचं ढेकूळ उपटायचं, गवत आत, माती बाहेर, आणि वरून टाचेनं दाबायचं. "हातानं नोको, टाचेनं. हात लाड करते," असं ते म्हणायचे. अकरा-बारा वर्षांची होईतो मला हे सगळं येत होतं, आणि आपल्याला हे येतं याचा मला फार आनंद होता.

भादव्यात पाऊस दडी मारतो आणि धान पोटरीत आलेलं असतं, तेव्हा तलावाचं पहिलं पाणी सोडतात. सगळं गाव पाळीवर जमतं. नारळ फुटतो, गुलाल उधळतो, पोरं खोबऱ्यासाठी धक्काबुक्की करतात. मी तेरा वर्षांची होते त्या वर्षी बाबूजी आठ दिवस आधीच मायला म्हणाले होते, "यंदा पयलं पानी शकू सोडल." शकू म्हणजे मी, शकुंतला. आठ दिवस मला झोप म्हणून नव्हती. त्या दिवशी नवा फ्रॉक घालून, चपला घरीच ठेवून, मी तुडुमावर उभी राहिले. फळी उचलायचा सागवानी दांडा हातात घेतला. तेवढ्यात गावातले एक म्हातारे पुढं आले. माझं त्याच उन्हाळ्यात न्हाणं आलं होतं आणि गावात असल्या गोष्टी लपत नाहीत. म्हातारे म्हणाले, "पोरगी शायनी झाली आता. तिचा हात तुडुमाले नोको." मी बाबूजींकडं पाहिलं. बाबूजींनी माझ्या हातातून दांडा घेतला आणि माझा चुलतभाऊ श्रावण, जो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आणि पाण्याला घाबरणारा, त्याच्या हातात दिला. श्रावणनं डोळे मिटून फळी उचलली ती एकदम वीतभर. खालच्या बांधीत उभी असलेली माणसं पळाली. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

घरी येऊन मी जेवले नाही. मायनं वडी केली, तरी नाही. बाबूजींनी समजावलं नाही, डोक्यावरून हात फिरवला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र रात्रीचं ताट समोर आल्यावर सहज विचारावं तसं म्हणाले, "शकू, उद्या किती सोडाव?" मी तोंड वाकडं करून म्हटलं, "तीन बोटं." मग ते रोजचंच झालं. पाटाला पाणी असे तोवर रोज जेवताना तोच प्रश्न, आणि माझं तेच फुगलेलं उत्तर, कधी दोन, कधी तीन. मला वाटायचं, रुसलेल्या पोरीशी बोलायला बापाला काहीतरी निमित्त हवं. माझं लग्न होईपर्यंत चार वर्षं हे चाललं. तुडुमावर मी पुन्हा गेले नाही. रागानं शिकले, लग्नानंतरही शिकले, मास्तरीण झाले, आणि मनाशी पक्कं केलं की माझ्या पोरीचा पाय मी चिखलात पडू देणार नाही. पण आतून एक इच्छा तशीच राहिली. एकदा, फक्त एकदा, आपल्या हातानं पाणी सोडायचं.

पोरीचा पाय मी खरंच चिखलात पडू दिला नाही. मंजू गोंदियात वाढली, पुस्तकांत वाढली, आणि आता वेल्सच्या राजधानीत, कार्डिफला, दवाखान्यात औषधांचं काम बघते. यंदाच्या उन्हाळ्यात तिनं मला चार महिन्यांसाठी नेलं. पहिल्याच दिवशी फ्रिजला एक कागद चिकटवलेला दिसला. त्यावर दर शनिवारचं म्युझियम लिहिलेलं. मी म्हटलं, "मंजू, मी इथं तुला भेटायला आले का परीक्षेला बसायला?" ती म्हणाली, "आई, तूच तर सुट्टीत आम्हाला कागद चिकटवायचीस."

पहिल्या शनिवारी किल्ला पाहिला. अख्खा, शाबूत, भोवती खंदकात पाणी. सगळं बघून झाल्यावर मी विचारलं, "वर देव कोणता आहे?" मंजू म्हणाली, "देव नाही." "मग पीर?" "पीरही नाही." आमच्या गोंदियाकडच्या प्रतापगडावर माणूस धापा टाकत चढतो तो वर महादेव आहे, दर्गा आहे, जत्रेत जिलेबी आहे म्हणून. इथं माणसं नुसती भिंत बघायला चढत होती आणि खाली येऊन आइस्क्रीम खात होती. दुसऱ्या शनिवारी कोळशाच्या खाणीत उतरलो. डोक्यावर टोपी, कमरेला जड बॅटरी, आणि लिफ्ट म्हणजे नुसता पिंजरा. दाखवणारा माणूस स्वतः तिथंच काम केलेला, खोकतही तसाच होता. त्यानं सगळ्यांचे दिवे बंद करायला लावले आणि विचारलं, स्वतःचा हात दिसतो का बघा. नाही दिसला. त्याचा खोकला तेवढा अंधारात ऐकू येत होता, आणि मला बाबूजींची आठवण झाली. वर आल्यावर मी त्याला पिशवीतला चिवडा दिला. त्यानं सगळा खाल्ला.

आणखी एका ठिकाणी काचेमागं एक लाकडाचा तुकडा ठेवला होता, दोरी ओवलेला, त्यावर 'वेल्श नको' अशा अर्थाची दोन इंग्रजी अक्षरं कोरलेली. मंजूनं वाचून सांगितलं: पूर्वी शाळेत पोर आपल्या भाषेत, वेल्शमध्ये, बोललं की हे त्याच्या गळ्यात अडकवायचे. आता त्याच देशात प्रत्येक पाटीवर वर वेल्श आणि खाली इंग्रजी. मी त्या काचेसमोर बराच वेळ उभी राहिले. मी कोणाच्या गळ्यात काही अडकवलं नाही, पण तीस वर्षांच्या नोकरीत पोरानं 'काऊन' म्हटलं की मी 'का' म्हणायला लावलं आहे, आणि ते पोर पुन्हा तोंड उघडायला भ्यायलं तेही पाहिलं आहे. म्हणून या वहीत बाबूजी बोलतात ते बाबूजींसारखंच लिहिते आहे. मुख्याध्यापकांना आवडलं नसतं तर नसतं.

हे सगळं पाहताना माझी गंमत वेगळीच चालली होती. मंजू कौतुकानं दाखवी, "आई, हे बघ, दीडशे वर्षांपूर्वीचं जातं." मी म्हणे, "माझ्या पडवीत आहे." "हे सूप बघ." "माळ्यावर दोन आहेत, एकाला नवी कड लावायची आहे." "हा कोयता—" "तो श्रावणच्या हातात असेल आत्ता." शेवटी मंजू वैतागून म्हणाली, "आई, तू म्युझियम बघत नाहीस, तू घरची यादी करून राहिलीस." आणि तिकीट तर बहुतेक ठिकाणी नाहीच. फुकट आत सोडतात आणि वर हसून नमस्कार करतात. मला पहिल्यांदा वाटलं आपण चुकून मागच्या दारानं शिरलो.

शेवटी शेवटी आलं ते मोठं, उघड्यावरचं म्युझियम. तिथं त्यांनी देशभरातली जुनी घरं दगड दगड सुटा करून, नंबर घालून आणली आहेत आणि झाडांमध्ये पुन्हा जशीच्या तशी उभी केली आहेत. एक घर चक्क कुंकवासारखं लाल. का, तर वाईट नजर लागू नये म्हणून, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. मी त्यांना म्हटलं, मंजूमार्फत, की हे आम्हाला समजावून सांगायची गरज नाही. दुसरं एक ठेंगणं घर होतं, गवतानं शाकारलेलं, आत मातीची भुई, आणि चूल पेटलेली. दारातून वाकून आत गेले आणि लाकडाच्या धुराचा वास नाकात शिरला. धूर जगात सगळीकडं सारखाच असतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. तिथं काम करणाऱ्या बाईंनी तव्यावरून उतरवलेली, मनुका घातलेली छोटी जाड पोळी हातावर ठेवली. मी खाल्ली आणि भुईकडं पाहत मंजूला म्हटलं, "सारवण कमी पडलं यांचं. पोपडे उठून राहिले." तिनं ते भाषांतर केलं नाही.

तिथून उतारावर पिठाची गिरणी होती. पाण्यावर चालणारी. टेकडीवरून एक पाट आणलेला, तो लाकडी चाकावर पडायचा, चाक फिरायचं, आत जातं फिरायचं. पण चाक थांबलेलं होतं. गिरणीवाला दारात उभा राहून लोकांना सांगत होता की पाणी पुरेसं येत नाही, थोडं थांबावं लागेल. त्याचं नाव गॅरेथ. साठीचा, दाढीत पीठ, बोलताना पाण्याकडं काळजीनं पाहणारा. मला तो पाहताक्षणी ओळखू आला. मी मंजूला म्हटलं, "हा इथला पाणकर." लोक दारात घोटाळत होते. मी पाटाच्या कडेनं वर चालू लागले, कारण पाणी पुरत नसेल तर ते कुठंतरी जात असणार, हे मला न शिकवताही कळलं असतं. शिकवलेलं तर होतंच. पंचवीसेक पावलांवर मला आवाज आला. बारीक, गवताखालून, सुर्र असा. मी वाकले. पाटाच्या कुशीत मुठीएवढं भोक, आणि पाणी खाली कुरणात निवांत चाललेलं.

यापुढं मी जे केलं ते विचार करून केलं नाही. बूट काढले, मोजे काढले, साडी खोचली आणि पाटात उतरले. पाणी असं गार की टाळूपर्यंत झिणझिण्या गेल्या. कडेचं गवत मुळासकट उपटायला लागले. मंजू वरून धावत आली. "आई! काय करून राहिली? ते म्युझियम आहे, आई, बाहेर ये, लोक पाहून राहिले." मी म्हटलं, "पाहू दे. गवत दे तिकडचं." तोवर म्युझियमची एक पोरगी हातात वॉकीटॉकी आणि अंगावर घालायला घोंगडी घेऊन पोचली. तिनं मंजूला बाजूला घेऊन हळूच काही विचारलं. संध्याकाळी मंजूनं सांगितलं, ती विचारत होती, तुमच्या आईला विसरण्याचा आजार आहे का. मी म्हटलं, "उलटा आहे, सांगायचं होतं तिला."

मागोमाग गॅरेथ आला. पाटाच्या काठावर गुडघे टेकून बसला आणि मी काय करते ते पाहू लागला. गवत आत, माती बाहेर. ढेकूळ बसलं की टाच. दुसरं ढेकूळ, टाच. म्हातारपणी टाचेत जोर कमी झाला आहे हे तेव्हा समजलं, पाणी पुन्हा झिरपायला लागलं. मी मंजूकडं पाहिलं. चाळीस वर्षांची माझी पोरगी, पांढरे बूट घातलेली, काठावर हात चोळत उभी. मग ती खाली बसली, बूट काढले, पँट वर दुमडली आणि पाण्यात उतरताना हुंदका दिल्यासारखा आवाज करून म्हणाली, "किती गार आहे गं." तिनं हातानं माती दाबली. मी म्हटलं, "हातानं नोको, टाचेनं." हे माझ्या तोंडून कसं निघालं, मलाच कळलं नाही. तिनं टाच रोवली. सुर्र थांबलं. "आई," ती म्हणाली, "हे तू मला कधी शिकवलं का नाहीस?" मी म्हटलं, "तुला चिखलापासून लांब ठेवायचं होतं मला." "आणि मी तुला इथं आणून दुसऱ्यांचा चिखल दाखवत फिरते आहे," असं म्हणून ती हसायला लागली, आणि मग आम्ही दोघीही पाटात उभ्या राहून हसलो. वॉकीटॉकीवाली पोरगी घोंगडी घेऊन तशीच उभी.

पाट भरू लागला. गॅरेथ आम्हाला गिरणीच्या वर घेऊन गेला, जिथं चाकावर पाणी सोडायची फळी होती. लाकडाच्या चौकटीत लाकडाची फळी, वर धरायला दांडा. तुडूमच तो, दगडाऐवजी लाकडाचा. तो मंजूला काही म्हणाला. मंजूनं सांगितलं, "आई, तो म्हणतो, गळतीमुळं तो फळी भरपूर उचलायचा. आता किती उचलू, ते विचारून राहिला तुला." मी पाण्याकडं पाहिलं. आडवी बोटं धरून दाखवली. तीन. गॅरेथ दांड्यापासून बाजूला झाला आणि हाताच्या खुणेनं मला म्हणाला, या.

मी अनवाणीच होते. दांडा धरला आणि फळी तीन बोटं वर उचलली. पाणी आधी फळीखाली दबकलं, मग गेलं. चाक थोडं करकरलं, थांबलं, आणि फिरायला लागलं. खाली लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंचावन्न वर्षांनी मी पाणी सोडलं होतं, आणि सांगायला हरकत नाही, मी रडले. पण लोकांना वाटलं त्या कारणानं नाही. मला एकदम तो प्रश्न ऐकू आला होता. आता किती उचलू? हा प्रश्न मला याआधी कोण विचारायचं? रोज, ताटावर बसून, चार वर्षं? रुसलेल्या पोरीला कोणी चार वर्षं पाण्याचं माप विचारत नाही. बोलायला निमित्तच हवं तर शाळेचं विचारेल, शेळीचं विचारेल. बाबूजींनी गावासमोर दांडा माझ्या हातातून घेतला, पण मग माप? माप त्यांनी कोणाकडं ठेवलं होतं?

हे मला तिथं सुचलं, पण मी मास्तरीण, पुरावा नसताना काही खरं मानायची सवय नाही. उरलेले दिवस मी तेच घोळवत होते. बाप गोड करून घ्यायला म्हातारपणी मन काहीही रचतं. मंजू म्हणाली, "विचार ना श्रावणमामाला." फोनवर विचारायची हिंमत झाली नाही. नाही म्हणाला असता तर फोन ठेवून मी तिथल्या त्या स्वच्छ स्वयंपाकघरात काय केलं असतं?

भादव्यात परत आले. नागपूरहून बस, आणि हायवेवर कोहमाऱ्याला उतरले तर श्रावण त्याच्या नातवाची मोटारसायकल घेऊन उभा. सत्तरीचा, आता तोच पाणकर. ढाब्यावर बाकड्यावर बसलो, चहा मागवला. ट्रकांच्या आवाजात त्याला ऐकू कमी येतं म्हणून मला ओरडून विचारावं लागलं. "श्रावण, बाबूजी मला रोज विचारायचे, किती सोडाव म्हणून. मग सोडायचे किती?"

श्रावणनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी त्याला त्याचंच नाव विचारलं होतं. "किती म्हंजे? तू सांगशील तेवढं. काका पाळीवर येऊन सांगत, शकूनं तीन सांगतलं, तीन उचल. एक डाव मी चार उचललो तं थापड हानली मले, कानाखाली. आवाज येत होता दोन दिवस. तुले मालूम नव्हतं? साऱ्या गावाले मालूम होतं."

"आणि ते म्हातारे? माझा हात नको म्हणणारे?"

"थे तं सकाळीच येऊन बसत पाळीवर." श्रावण बशीत चहा ओतत हसला. "बिडी पेटवत आन विचारत, का गा श्रावण, आज शकूनं किती सांगतलं?"

मी चहा प्यायले की नाही आठवत नाही. एवढं आठवतं की मी भर ढाब्यावर पदर तोंडाला लावून हसले, आणि श्रावण म्हणत होता, "कायले हासून राह्यली व, खरंच सांगून राह्यलो." एवढी सगळी वर्षं मी अशा बापावर रुसून बसले होते.

चार दिवसांनी पहिलं पाणी सोडायचं होतं. मी श्रावणला आधीच सांगून ठेवलं, "यंदा सांगीन बी मी आन सोडीन बी मी." तो म्हणाला, "मंग सोड ना, कोन धरून राह्यला तुले." आता फळीच्या जागी लोखंडी चाक आहे, त्याला वंगण लागतं, पण माप गाव अजून बोटांतच बोलतं. नारळ फुटला. पोरांनी खोबऱ्यासाठी धक्काबुक्की केली. मी चपला पाळीखाली काढल्या, वर गेले, चाकाला हात लावला, आणि मग थांबले. फोन काढून मंजूला लावला. तिकडं सकाळ, ती कामावर निघालेली. फोन फिरवून मी तिला तलाव दाखवला, पाणी दाखवलं, खालच्या बांध्या दाखवल्या.

"मंजू," मी म्हटलं, "किती सोडाव?"

पडद्यावर ती डोळे बारीक करून पाण्याकडं पाहत होती. मग जरा भीत भीत म्हणाली, "तीन बोटं?"

खरं तर त्या दिवशी चार लागत होती. पाऊस बरेच दिवस नव्हता आणि खालची जमीन भेगाळायला आली होती. श्रावण माझ्या शेजारी उभा होता, त्यालाही ते दिसत होतं. मी त्याला म्हटलं, तीन, आणि चाक तेवढंच फिरवलं. राहिलेलं एक बोट दुसऱ्या दिवशी सकाळी सोडलं, कोणाला न सांगता. माझ्या तीनवर बाबूजींनीही कधी असं केलं होतं का, ते मी श्रावणला विचारलेलं नाही.